विंचवाच्या नांगीतला थेंब

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बदली झालेल्या मास्तरांना लावतो, वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाला लावतो. म्हण लावताना विंचू मात्र आपल्या डोळ्यांपुढे नसतो. ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली त्याने विंचवाची मादी नीट पाहिलेली असली पाहिजे. तिची पिल्ले जन्मली की पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकीपर्यंत तेथेच राहतात. भीती वाटत असतानाही माणसाने हे इतके बारकाईने पाहून ठेवले, याचे मला नेहमी नवल वाटते. पण त्याच प्राण्याच्या शेपटीच्या टोकाला जो थेंब असतो, त्यात काय आहे आणि तो माणसाला कसा मारतो, हे कळायला विसावे शतक जवळजवळ संपावे लागले. त्या कळण्याचा इतिहास आज तुम्हाला सांगणार आहे. त्यातला मोठा भाग आपल्याच कोकणपट्टीत घडला आहे.

मी इतिहासाचा माणूस आहे, रसायनाचा नव्हे. या लेखात जे रसायनशास्त्र आहे ते आमच्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांनी दोन संध्याकाळी मला समजावून दिले. चूक आढळली तर ती माझ्या समजुतीची धरावी.

हा विषय मी का घेतला तेही सांगतो. माझे वडील तलासरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते आणि आम्ही शाळेजवळच्या एका पाड्यावर राहत होतो. १९८९ साल असावे. पावसाळा सरत आला होता, गवत कापायला सुरुवात झाली होती. शेजारच्या घरातला माझ्याच वयाचा मुलगा, आठ-नऊ वर्षांचा, रात्री कुडाच्या भिंतीशी निजला असता त्याला विंचू चावला. घरातल्यांनी चिंचोका उगाळून लावला, भगताला बोलावले. भगत म्हातारा होता, कष्टाळू होता. त्याने रात्रभर मुलाशेजारी बसून मंत्र म्हटले. मुलगा फारसा रडला नाही. सगळ्यांना वाटले, उतार पडतो आहे. मग त्याला उलट्या सुरू झाल्या. घामाने अंगावरचे कापड भिजले, हातपाय गार पडले. पहाटे बैलगाडी जोडली. गाडी डांबरी रस्त्याला लागण्याआधीच तो गेला. त्याच्या आईने मला विचारलेले अजून आठवते, "तो तर रडतही नव्हता रे, मग गेला कसा?" या प्रश्नाचे उत्तर मला मोठेपणी मिळाले. ते उत्तर १९८९ साली छापून आलेले होते. आमच्या पाड्यापर्यंत ते आलेले नव्हते, एवढेच.

आधी विंचवाची ओळख करून घेऊ. गुरुजनांनी वर्गात एक गोष्ट आवर्जून सांगावी: विंचू हा किडा नव्हे. किड्यांना सहा पाय असतात, विंचवाला आठ. कोळी, गोचीड आणि विंचू ही एका कुळातली भावंडे. आपल्याकडे सर्वसाधारणपणे दोन तऱ्हेचे विंचू नजरेस पडतात. एक मोठा, काळा, पुढचे चिमटे जाडजूड. त्याला आपण इंगळी म्हणतो. दुसरा लहानसा, तांबूस, चिमटे बारीक आणि शेपूट मात्र भरीव. इंगळी पाहून माणूस दचकतो आणि तांबड्याला 'बारका आहे' म्हणून झटकून टाकतो. खरी गोष्ट उलटी आहे. ज्याचे चिमटे मोठे तो भक्ष्य चिमट्यांनीच चिरडतो, त्याला विषावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. ज्याचे चिमटे बारीक त्याची सारी मदार नांगीवर. आपला हा तांबडा विंचू जगातल्या अतिविषारी विंचवांत मोडतो. फॅब्रिशियस या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने १७९८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. त्यातला 'टॅम्युलस' हा शब्द अजून टिकून आहे. पहिला शब्द शास्त्रज्ञांनी दोन-तीनदा बदलला. आज त्याला 'हॉटेनटोटा टॅम्युलस' म्हणतात. नावे बदलली, विष तेच राहिले.

विंचू कुणाला चावतो, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. तो अनवाणी चालणाऱ्याला चावतो, जमिनीवर निजणाऱ्याला चावतो, आणि पेंढ्यात, लाकूडफाट्यात, गवताच्या गंजीत हात घालणाऱ्याला चावतो. डहाणू-तलासरीकडे गवत म्हणजे काय हे जुन्या माणसांना सांगायला नको. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करायची नाही असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्या चळवळीचे पुढारी. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर जो मोठा संप झाला तो गवतकापणीच्या मजुरीवर. ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, ही मागणी होती. ५०० पौंड गवत म्हणजे किती वेळा त्या गवताच्या बुडाशी हात जात असेल, याचा हिशेब कुठल्याही दप्तरात नाही. मजुरीचा इतिहास लिहिताना मला हे नेहमी आठवते.

आता विषाच्या शोधाकडे वळू. वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईला आले. त्यांच्या प्रयोगशाळेला १८९९ साली परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस मिळाले. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. या संस्थेत १९३० च्या आसपास दोन माणसांनी एक काम अंगावर घेतले, ज्याची आज फारशी कुणाला आठवण नाही. एक होते डॉ. के. एस. म्हसकर आणि दुसरे जे. एफ. काइयस नावाचे जेझुइट पाद्री, जे औषधिशास्त्राचे जाणकार होते. देशभर सापाच्या आणि विंचवाच्या विषावर म्हणून ज्या मुळ्या, पाने, साली वापरल्या जातात, त्या त्यांनी गोळा केल्या आणि एकेक करून तपासल्या. सापाच्या विषावरच्या वनस्पतींचे त्यांचे काम १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि भारतीय विंचवांविषयीचे १९३२ साली. शेकडो वनस्पती तपासून निघालेला निष्कर्ष कोरडा होता: विषावर उतारा म्हणून यांतली एकही चालत नाही. लगेच १९३३ साली कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या प्रसिद्ध ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या संपादकांत हे दोघे होते. त्या ग्रंथात वनस्पतीमागून वनस्पतीच्या टिपणाशेवटी तुम्हाला दिसेल की विंचूदंशावर ही निरुपयोगी आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, "मास्तर, पण आमच्या आजोबांना चिंचोक्याने बरे वाटले होते!" ते खोटे बोलत नव्हते. विंचवाचा दंश झालेल्या बहुतेकांना फक्त कळा येतात. त्या काही तास मरणप्राय वाटतात आणि मग आपोआप ओसरतात. एकनाथ महाराजांनी विंचवावर भारूड रचले ते उगीच नव्हे. ती तडफड घराघरात ओळखीची होती. आता, आपोआप ओसरणाऱ्या दुखण्यावर जो उपाय कराल तो गुणकारीच ठरतो. चिंचोका ठरतो, मंत्र ठरतो, लोहचुंबकही ठरतो. शंभरांतल्या बहुतेकांना मंत्राने 'उतरते', म्हणून मंत्राची कीर्ती वाढते. आणि ज्याच्या अंगात विष खरेच भिनले त्याच्याबाबत म्हणायचे, त्याची वेळच भरली होती. भगताला मी लबाड म्हणत नाही. रात्रभर रोग्याजवळ बसणारा माणूस लबाड कसा? पण कोणता दंश नुसता दुखवून जाणार आणि कोणता मारणार, हे ओळखायचे साधन त्याच्यापाशी नव्हते. खरे म्हणजे तेव्हा ते डॉक्टरांपाशीही नव्हते.

डॉक्टरांची अडचण अशी होती. विंचवाने मेलेल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो, श्वास लागतो, फुप्फुसांत पाणी भरते. डॉ. मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे फुप्फुसांत पाणी होण्याचे वर्णन लिहिले होते. हाफकिनचे डॉ. गायतोंडे आणि त्यांचे सहकारी यांनीही १९७८ साली 'लॅन्सेट' या लंडनच्या साप्ताहिकात त्यावर पत्र लिहिले. पण पाणी का भरते, ते कसे थोपवावे? हाताशी असतील ती औषधे दिली जात: स्टिरॉइड, ॲट्रोपिन, झोपेची औषधे. रोगी तरीही दगावत. फुप्फुसांत पाणी झालेल्या रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० जण मरत, अशी त्या काळातली नोंद आहे.

१९७६ साली रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकऱ्याच्या घरचे, नागपूरला वैद्यकी शिकलेले. महाड परिसरात तांबडा विंचू उदंड, आणि त्याने दगावणारी मुलेही. प्रयोगशाळा नाही, हृदयाचा आलेख काढायची सोय नाही. अशा जागी माणूस एक करू शकतो: पाहू शकतो. बावस्करांनी रोग्यांच्या खाटेशी बसून लक्षणांचा क्रम लिहून काढला. आधी काय होते, मग काय होते, कोण वाचतो, कोण जातो. त्यांच्या ध्यानात आले की जे पुढे अत्यवस्थ होतात त्यांना सुरुवातीलाच उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय बर्फासारखे होतात, पुरुष रोग्यांच्या लिंगाला ताठरपणा येतो. रक्तदाब भलताच चढतो. फुप्फुसे भरण्याच्या कितीतरी आधी शरीर ही खूण देत असते. हे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. महाड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या खाटांवरून उचललेली माहिती लंडनला छापली गेली.

माझ्या शेजारणीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. रडणे कमी म्हणजे विष कमी, असे नाही. कळ किती आहे यावर न जाता उलटी, घाम आणि गार हातपाय पाहायला हवे होते.

पण खूण ओळखली म्हणजे उपाय सापडला असे होत नाही. मध्ये रसायन आणि शरीरशास्त्राची एक पायरी आहे, ती आपण चढू.

विंचवाच्या नांगीत विषाच्या दोन पिशव्या असतात. त्यातला द्रव म्हणजे पाणी, क्षार, थोडा चिकट पदार्थ आणि अनेक प्रकारची लहान लहान प्रथिने. या लहान प्रथिनांना पेप्टाइड म्हणतात. आपल्या प्रत्येक मज्जातंतूच्या भिंतीला सूक्ष्म दारे असतात. काही दारांतून सोडियम आत येतो, काहींतून पोटॅशियम बाहेर जातो. ही दारे क्षणार्धात उघडतात, मिटतात, आणि त्या उघडझापीनेच संदेश पुढे सरकतो. विंचवाच्या विषातली काही पेप्टाइडे सोडियमच्या दारात पाचर मारून बसतात. दार मिटतच नाही. दुसरी काही पोटॅशियमचे दार अडवतात. संदेश थांबायचा तो थांबत नाही. परिणाम असा की मज्जातंतू वेड लागल्यासारखे संदेश देत सुटतात. ज्या तंतूंचे काम संकटात शरीराला सज्ज करायचे, तेच खवळतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून आणि तंतूंच्या टोकांतून ॲड्रिनॅलिन आणि त्याचे भावंड नॉरॲड्रिनॅलिन यांचा लोंढा रक्तात सुटतो. वाघ समोर आला तर जे थोडेसे सुटते ते येथे धो धो सुटते. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. घाम त्यामुळेच. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमते, त्याच्या स्नायूला इजा होते, आणि मागे तुंबलेले पाणी फुप्फुसांत उतरते.

म्हणजे विंचू माणसाला सरळ मारत नाही. तो माणसाच्या शरीराकडूनच माणसाला मारवतो.

हे एकदा नीट उमगले की उपायाची दिशा बदलते. विष काढण्याच्या मागे न लागता आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करता आल्या तर? रक्तदाबाच्या रोग्यांसाठी प्राझोसिन नावाची गोळी तेव्हा बाजारात आलेली होती. रक्तवाहिन्यांवर ज्या जागी नॉरॲड्रिनॅलिन येऊन पकड घेते, त्याच जागा ही गोळी अडवून धरते. पुण्याला जाऊन एम. डी. होऊन बावस्कर पुन्हा महाडकडेच परतले होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांना ही गोळी द्यायला सुरुवात केली. १९८६ साली तो अनुभव 'लॅन्सेट'मध्ये आला. जेथे शंभरांत २५-३० दगावत तेथे हे प्रमाण पुढे एकाच्याही खाली आले. गोळी स्वस्त, तोंडाने घ्यायची, तिला शीतकपाट लागत नाही. अर्थात ती किती आणि कितीदा द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे. घरी ठेवून वाटायची ती गोळी नव्हे. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर त्यांचा खरा सन्मान महाडच्या आसपासच्या गावांतली, आज चाळिशी ओलांडलेली जी माणसे चालती-बोलती आहेत, ती.

दुसरीकडे हाफकिननेही आपली परंपरा सोडली नव्हती. घोड्याला विंचवाचे विष थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचे, ही सापाच्या बाबतीत जुनी झालेली रीत. मुंबईच्या हाफकिनमध्ये तांबड्या विंचवासाठीही असे प्रतिविष तयार होऊ लागले. मग प्रश्न आला, गोळी बरी की लस? बावस्कर पतिपत्नींनी महाडला ७० रोग्यांवर ताडून पाहिले. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि प्रतिविष. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला: दोन्ही मिळून दिले तेव्हा रोगी सरासरी ८ तासांत सावरले, नुसत्या गोळीने १७.७ तास लागले. स्वतःच्याच गोळीला दुसऱ्या औषधाची जोड दिली तर अधिक गुण येतो, हे स्वतःच सिद्ध करून छापायला मनाचा मोठेपणा लागतो.

आता त्या थेंबाची दुसरी कहाणी ऐका. ती प्रयोगशाळेतली आहे आणि माझ्या सहकाऱ्यांना तीच जास्त आवडते.

विषातले एखादे पेप्टाइड म्हणजे मण्यांची माळ समजा. मण्यांचे प्रकार सुमारे वीस. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. कोणत्या मण्यामागे कोणता मणी, या क्रमावर माळेचा सारा गुण अवलंबून. १९९० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने आपल्या याच तांबड्या विंचवाच्या विषातून एक पेप्टाइड वेगळे काढले. त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन. त्यात ३७ मणी आहेत. हे पेप्टाइड पोटॅशियमची एका विशिष्ट जातीची मोठी दारेच तेवढी बंद करते, इतर दारांना हात लावत नाही. हीच तर मौज. रक्तवाहिनीच्या किंवा मेंदूच्या पेशीत ती दारे काय काम करतात हे शोधायचे असेल तर ती तेवढी बंद करून पाहायची. म्हणून कोकणातल्या खळ्यावर आढळणाऱ्या विंचवाचे हे विष जगभरच्या प्रयोगशाळांत किल्लीसारखे, किंवा कुलपासारखे म्हणा, वापरले जाते.

पण किल्ली हवी म्हणून किती विंचू पकडणार? विंचवाचे विष काढायचे तर त्याच्या शेपटीला विजेचा हलका झटका देतात, मग जेमतेम थेंब निघतो. त्यात शेकडो घटक मिसळलेले. म्हणून माळ हातानेच ओवायची, असा विचार पुढे आला. हे ओवण्याचे तंत्र ब्रूस मेरिफील्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले आणि १९८४ साली त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना साधी आहे. माळेचा पहिला मणी एका बारीक राळेच्या दाण्याला चिकटवून टाकायचा. मग दुसरा मणी जोडायचा, उरलेला कचरा धुऊन काढायचा. तिसरा जोडायचा, पुन्हा धुवायचे. माळ दाण्याला बांधलेली असल्यामुळे धुताना वाहून जात नाही. शेवटी दाण्यापासून सोडवून घ्यायची. गजरा करणाऱ्या बाईने दोऱ्याचे टोक पायाच्या अंगठ्यात अडकवावे, तसेच हे.

मात्र माळ ओवली की काम संपले नाही. त्या ३७ मण्यांत सहा मणी गंधकाचे आहेत. ते दोन-दोन मिळून एकमेकांना गाठ मारतात आणि माळ विशिष्ट आकारात घट्ट वळते. तीन गाठी बरोबर पडल्या तर विष. चुकल्या तर नुसता गुंता, काही परिणाम नाही. सहा मण्यांच्या तीन जोड्या किती प्रकारे लागतील? गुरुजींनी हे गणित फळ्यावर मुलांना घालावे. पहिल्या मण्याला पाच जोडीदार मिळू शकतात, उरलेल्या चारांतल्या एकाला तीन, मग शेवटची जोडी ठरलेलीच. पाच त्रिक पंधरा. पंधरांतला एकच प्रकार खरा. योग्य द्रावणात ठेवले तर माळ बहुधा आपली आपणच खरा आकार शोधते. मुठीत चुरगळलेले तागाचे पान सोडल्यावर आपल्या घडीवर जावे तसे. आज हे पेप्टाइड विंचवाला हात न लावता जोडून तयार केलेले मिळते.

विंचवाच्या भावकीतल्या सगळ्यांच्याच थेंबात असा अवघड पदार्थ असतो असे मात्र नाही. चाबकासारखी शेपटी असलेला एक विंचवासारखा प्राणी आहे, त्याला नांगी नाही. अमेरिकेतल्या अशा एका जातीचा अभ्यास थॉमस आइस्नर आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली केला. तो शत्रूवर जी पिचकारी मारतो तिच्यात शेकडा ८४ भाग ॲसेटिक आम्ल असते. आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ते पाच भागांच्या आसपास असते, म्हणजे पाहा! लांब पायांचे जे कोळ्यासारखे प्राणी अंधाऱ्या दमट जागी घोळक्याने लटकतात, त्यांच्या दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीच्या स्रावात जंतू मारणारी क्विनोन नावाची द्रव्ये असल्याचे १९५५ साली प्रसिद्ध झाले. ही साधी द्रव्ये. त्यांची घडण रसायनशास्त्रज्ञाला परकी नाही.

आणि अगदी अलीकडे, २०१९ साली, मेक्सिकोतल्या एका विंचवाच्या विषातही अशीच क्विनोन द्रव्ये सापडली. त्या विषाला हवा लागली की रंग चढतो, हे पाहून शास्त्रज्ञांना शंका आली. मेक्सिकोचे लोरिवाल पोसानी आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे रिचर्ड झेअर यांच्या गटांनी दोन द्रव्ये वेगळी केली, एक तांबडे आणि एक निळे. तपासायला विष मिळाले अर्ध्या मायक्रोलिटरएवढे, म्हणजे एका थेंबाचा शंभरावा हिस्सासुद्धा मोठा म्हणावा इतके. त्यावरून रचना ठरवली आणि दोन्ही द्रव्ये प्रयोगशाळेत बनवली. तांबड्याने पू करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू मेले, निळ्याने क्षयाचे. औषधांना न जुमानणारे क्षयजंतूसुद्धा. हे काम काचेच्या बशीत आणि उंदरांवर झालेले आहे. माणसासाठी ते औषध झालेले नाही, तेव्हा उद्या कुणी तुम्हाला 'विंचवाच्या विषाने क्षय बरा होतो' असे सांगून बाटली विकू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

एवढे हिंडून आता डहाणूला परत येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे एक ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूत आहे. तेथल्या मंडळींनी डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर आणि आरोग्य केंद्रांत सर्पदंशाबद्दल लोकांना काय ठाऊक आहे याची पाहणी केली. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. बावस्कर त्या लेखकांत आहेत. दंश झाला की पहिली धाव भगताकडे, हे त्यांना दिसले. चिंचोका आणि लोहचुंबक विष ओढून घेतो, ही समजूतही त्यांना भेटली. साप आणि विंचू वेगळे, पण धाव एकाच दारी जाते. १९३२ पासून २०२१ पर्यंत चिंचोका आपल्या जागी आहे. हाफकिनचे ग्रंथ इंग्रजीत निघाले, लॅन्सेट इंग्रजीत, आणि पाड्यावरची रात्र वारलीत. पुस्तकातली गोष्ट पाड्यावर नेणारा माणूस बहुतेक वेळा शाळेतला मास्तर असतो, किंवा आशाताई. आणि मला वाटते, भगतही असू शकतो. रात्री पहिले बोलावणे त्यालाच येते. त्याने मंत्र जरूर म्हणावा, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर म्हणावा.

शिक्षकांसाठी एक गंमत सांगतो, ती कामाचीही आहे. नोटा तपासायच्या जांभळ्या किरणांच्या विजेरीचा उजेड अंधारात विंचवावर पडला तर तो हिरवट-निळा चमकतो. त्याच्या कवचात अशी द्रव्ये असतात. अशी विजेरी बाजारात थोडक्या पैशांत मिळते. अंथरूण घालण्याआधी कुडाच्या कडेने, पेंढ्याच्या कडेने ती एकदा फिरवली तर विंचू स्वतःच दिसतो. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी वसतिगृहामागच्या दगडांच्या ढिगावर ती फिरवली, तेव्हा एकाच रात्री सात चमकले आणि त्यानंतर चप्पल न झटकता घालणारे कुणी उरले नाही.

आणि चावलाच तर? जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. रोग्याला चालवू नये. उलटी झाली का, घाम किती, हातपाय गार आहेत का, मुलग्यांत तो मघाशी सांगितलेला ताठरपणा आहे का, हे पाहावे आणि डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे. यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. लहान मूल असेल तर लक्षणाचीही वाट पाहू नये. आणि चावला तेव्हा किती वाजले होते ते लक्षात ठेवावे. घड्याळ नसेल तर कोंबडा आरवला होता की नव्हता, शेवटची गाडी गेली होती की नव्हती, काही तरी खूण धरून ठेवावी. दवाखान्यात पहिल्याप्रथम तेच विचारतात.